उजवीकडची जागा

बाबांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता आणि सकाळी सुरू होताना म्हाताऱ्यासारखाच खोकायचा. आधी खर्र, मग थोडा दम खाऊन पुन्हा खर्र, मग एक लांब शिट्टी. बाबा होते तेव्हा त्याच्या डोक्यावर हलकी थाप मारून म्हणायचे, "चला साहेब, उठा." बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या महिन्यात ती शिट्टी इतकी वाढली, की खालच्या मजल्यावरच्या बाई बेल वाजवून सांगून गेल्या, तुमची किटली उकळतेय बहुतेक.

तेव्हा ताईनं मनावर घेतलं. नवा कॉम्प्युटर आणला, आठवडाभराची रजा टाकली आणि सोमवारी सकाळी बाह्या सरसावून ती बाबांच्या खोलीत बसली. जुन्यातले सगळे फोटो नव्यात न्यायचे होते.

ताई म्हणजे घरातली थोरली. धाकटा जन्मला त्या दिवसापासून आईबाबासुद्धा तिला ताईच म्हणायला लागले आणि तिचं खरं नाव कागदोपत्री उरलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज दोनतीनशे नळ्या तिच्या हाताखालून जायच्या. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी तिला एक गोष्ट शिकवली होती: नळीतलं रक्त बघून माणूस कळत नाही, सगळ्यांचं लालच असतं. चिठ्ठीवर लिहिलंय तो माणूस. डोळे एक सांगतायत आणि चिठ्ठी दुसरं, तर डोळ्यांना गप्प बसवायचं. अकरा वर्षांत ताईची एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. बरोबरच्या मुली चिडवायच्या, की हिच्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख असेल. ती होतीच.

हा गुण बाबांकडून आलेला. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा. एकूण चौदा हजार दोनशे बारा फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर लावून ठेवले होते, आणि प्रत्येकाखाली नकाशावर लिहावी तशी नेमकी ओळ. कोण, कुठे, कधी. कॉम्प्युटरसुद्धा त्यांनी मुद्दाम आपल्या भाषेत करून घेतला होता, त्यामुळे तो सरकारी पत्रासारखं बोलायचा.

घरच्या मंडळींचा फोटो काढताना बाबांची एक खोड होती. सगळ्यांना ओळीत उभं करायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि ओरडायचे, "माझी जागा सोडा!" मग सगळ्यांनी जरा डावीकडे सरकायचं आणि उजव्या टोकाला एक माणूस मावेल एवढी जागा सोडायची. धाकटा म्हणायचा, "मग या ना इथे. कॅमेरा स्टँडवर लावा." बाबा म्हणायचे, "स्टँडला काय कळतंय? सगळेच फोटोत आले तर काढणार कोण? कोणीतरी बाहेर राहावंच लागतं." आणि खाली ओळ लिहायचे: डावीकडून, ताई, आई, धाकटा. जागा: बाबा.

आयुष्यभर ती गंमत होती. आता त्या गमतीनंच घात केला होता. चौदा हजार फोटोंत बाबांचा एकही फोटो नव्हता. दुसऱ्या कोणी काढायला गेलं की ते हात तोंडापुढे धरायचे, नाहीतर पाठ फिरवायचे. लग्नाचा अल्बम पाइप फुटून भिजला आणि त्याचा लगदा झाला. ओळखपत्रावर अंगठ्याएवढा एक चेहरा होता, पण तो आईनं हातात घेऊन उलटासुलटा करून परत दिला. म्हणाली, "हे नव्हेत ते."

आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, रोज ठरलेल्या वेळी फोटो दाखवा, नावं वदवून घ्या, जेवढं धरून ठेवता येईल तेवढं धरा. म्हणून रोज चार वाजता चहाचे कप घेऊन दोघी कॉम्प्युटरपुढे बसायच्या. आई बोट ठेवून म्हणायची, ताई, मी, धाकटा. मग बोट उजवीकडच्या मोकळ्या जागेवर यायचं आणि तिथेच घुटमळायचं.

"त्यांचं नाक कसं होतं गं?"

"सरळ. टोकाला जरासं बसकं."

"आणि डोळे?"

"बारीक. हसले की मिटायचे."

"तू सांगतेस ते कळतं सगळं," आई म्हणायची. "पण दिसत नाही."

ताईचा जीव तिळतिळ तुटायचा. आईच्या मनातून बाबा पुरते पुसले जाण्याच्या आत एक तरी फोटो सापडायला हवा होता. एवढ्या हजारांत कुठे तरी आरशात, दुकानाच्या काचेत, पाण्यात बाबा दिसत असतीलच, असं तिला वाटत होतं. पण त्या खोकणाऱ्या डब्यावर एकेक फोटो उघडायला मिनिट मिनिट लागायचं. नव्यावर गेले की ती एकूण एक बघणार होती.

फोटो हलायला पाच तास बावीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ताई सतरा वेळा उठली. खिडकी उघडली, लावली, गॅसचं बटण बघून आली, बसली, पुन्हा उठली. अस्वस्थ झाली की उजव्या अंगठ्यावरचा व्रण चोळायची तिला सवय होती. आठ वर्षांची असताना पत्र्याच्या डब्याचं झाकण लागून तो अंगठा तिरका चिरला होता. व्रण लाल होईपर्यंत तिनं चोळला. मग जुन्या कॉम्प्युटरनं एकदाच मोठ्ठी शिट्टी घातली आणि तो कायमचा गप्प झाला.

नवा कॉम्प्युटरही ताईनं आपल्याच भाषेत करून घेतला होता. त्याच्या पडद्यावर पाटी आली: "ही फोटो लायब्ररी क्षतिग्रस्त आहे. दुरुस्ती करावी काय?"

तिनं धाकट्याला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता.

"कर ना मग दुरुस्ती," तो म्हणाला. "विचारतंय ते इतकं नम्रपणे."

"आणि गेलं सगळं तर?"

"बाबांची रविवारची प्रत आहे ना खणात. तू काय, रक्त चढवायला निघाल्यासारखी घाबरतेस."

बाबा दर रविवारी सगळ्या फोटोंची जास्तीची प्रत काढून ठेवायचे. खणात खरंच ती छोटी डिस्क होती, पाकिटात घातलेली, वर बाबांच्या अक्षरात 'रविवारची प्रत'. ती बघून ताईला धीर आला. तिनं 'होय' दाबलं. लगेच दुसरी पाटी आली: "काही ठिकाणी चित्र व मजकूर यांत तफावत आढळली आहे. कोणते ग्राह्य धरावे?" खाली दोन गोल होते. एकापुढे 'चित्र', दुसऱ्यापुढे 'मजकूर'.

ताईनं क्षणभरही विचार केला नाही. मजकूर म्हणजे चिठ्ठी, आणि बाबांची चिठ्ठी कधी चुकली नव्हती. तिनं दुसरा गोल दाबला.

दुरुस्ती गोगलगायीच्या चालीनं सुरू झाली. चार वाजेपर्यंत जेमतेम तीनशे फोटो झाले होते. आईला दाखवायला तिनं त्यातलाच एक उघडला, दीपगृहाच्या पायऱ्यांवरचा. हा घरातला पहिला डिजिटल फोटो. ताई दहा वर्षांची, मोहरीच्या रंगाच्या स्वेटरमध्ये. त्याची कॉलर मानेला अशी टोचायची, की आजही आठवलं तरी मान खाजते. शेजारी आई, मग चेंडू पोटाशी धरलेला धाकटा, आणि उजवीकडे ती जागा. त्या जागेमागच्या दगडी भिंतीवर राखाडी डाग पडला होता. काचेवर श्वास सोडल्यावर पडतो तसा.

ताईनं पडदा पुसला. डाग गेला नाही.

मंगळवारी सकाळी बघते तर तो डाग म्हणजे बाही होती. राखाडी, कोपरापाशी दुमडलेली. ताईचं डोकं ताळ्यावर होतं. फाइल बिघडली की एका फोटोवर दुसऱ्याचा तुकडा येऊन बसतो, हे तिनं प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर पाहिलेलं होतं. तिनं नोंद केली, वेळ लिहिली आणि भाजी चिरायला गेली. अकराला येऊन पाहिलं. साडेअकराला पुन्हा. बाराला.

बाराला तिथे बाबा उभे होते.

पूर्ण. राखाडी शर्ट, खिशाला पेन्सिल, एक हात धाकट्याच्या खांद्यावर. त्या हाताखाली धाकट्याच्या शर्टाला पडलेली चुणीसुद्धा दिसत होती. बाबा जरासे हसत होते आणि त्यांचे डोळे मिटायच्या बेतात होते.

ताईला आधी रडू आलं. भीती मागाहून आली, आणि आली ती रडण्याच्या आडोशानं, त्यामुळे तिला ती नीट ओळखता आली नाही. दीड वर्ष जो चेहरा ती शब्दांत सांगत होती, तो समोर होता. हा फोटो असा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण चारला आईला हा दाखवायचा, हे त्याहून पक्कं होतं.

आईनं कप हातात घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. कप तसाच राहिला.

"आले बाई," ती म्हणाली. "एकदाचे आले फोटोत." मग खुर्ची पुढे ओढून तिनं पडद्याला नाक लावलं. "कानाखालचा डाग बघ. तू नाक सांगितलंस, डोळे सांगितलेस, डाग कुठे सांगितलास?"

ताईनं फोटो मोठा केला. कानाखाली तांदळाएवढा काळा डाग होता. ती तो साफ विसरली होती.

त्या संध्याकाळी आई दोन वर्षांत बोलली नव्हती इतकं बोलली. बाबांना पहिल्यांदा कुठे पाहिलं, ते बूट चुकीच्या पायात घालून आले होते, घाबरले की ते शिंकायचे. बोलताना हसली. मग अंघोळ करून, केस विंचरून झोपली. ताईनं तो फोटो धाकट्याला पाठवला आणि फोन केला.

"तू जुळवलास का हा?"

"मी? मला सरळ रेघ मारता येत नाही." त्यानं फोटो उघडला आणि त्याचा आवाज घोगरा झाला. "बाबा आहेत गं हे. किती छान आलेत." त्यानं फोटो मोठा करून पाहिला. "पण हा काढला कोणी?"

तोवर ताईनं फक्त उजवीकडे पाहिलं होतं. आता तिनं डावीकडे पाहिलं.

आई होती, धाकटा होता, बाबा होते. मोहरीचा स्वेटर कुठेच नव्हता. डाव्या टोकाला एक मोकळी जागा होती, दहा वर्षांची मुलगी मावेल एवढी.

आणि फोटो खालून काढलेला होता. तिघांच्याही हनुवट्या खालच्या बाजूनं दिसत होत्या, पायऱ्या उंच वाटत होत्या. बाबांनी काढलेल्या फोटोत असं कधी नव्हतं, ते सहा फूट उंच होते. कॅमेरा लहान मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर होता, आणि जरा हललाही होता. खालच्या कोपऱ्यात, काढणाऱ्यानं निष्काळजीपणे भिंगावर ठेवलेलं बोट आलं होतं. ते बोट नव्हतं, अंगठा होता. त्यावर एक तिरका व्रण होता.

फोटोखालची ओळ म्हणत होती: डावीकडून, आई, धाकटा, बाबा. जागा: ताई.

"अगं, ऐकतेस का?" धाकटा फोनवर म्हणत होता. "हॅलो?"

बुधवारी दुरुस्तीनं सहा हजार ओलांडले. ताई सकाळपासून एकामागून एक फोटो उघडत होती. बागेतला, तळ्याकाठचा, धाकट्याच्या शाळेच्या दारातला. सगळीकडे बाबा आलेले. सगळीकडे डावीकडे जागा. ती जागा वर्षागणिक मोठी होत गेलेली, आणि कॅमेरा वर वर चढत गेलेला. तळ्याकाठच्या फोटोत तो आईच्या खांद्याला होता, शाळेच्या दारात हनुवटीला. अंगठा पुढे पुढे कोपऱ्यातून गेला. काढणारी हळूहळू शिकली होती.

खरं सांगायचं तर तिला ते फोटो बंद करवत नव्हते. बाबांनी आयुष्यभर तिच्याकडे पाहिलं ते एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्यापुढे कॅमेरा धरून. आणि आता प्रत्येक फोटोत ते तिच्याकडेच बघत होते. दोन्ही डोळ्यांनी, न कंटाळता. हे तिला हवं होतं. आईपेक्षाही तिलाच हवं होतं की काय, असं मनात आलं आणि ती उठून खिडकीपाशी गेली. परत आली. पुन्हा गेली.

चार वाजता आई म्हणाली, "तळ्यावर किती मजा आली त्या दिवशी. ताई हवी होती तेव्हा. कुठे गेली होती ती?"

"मी होते आई. पाण्यात पडले होते मी. तूच ओढून काढलंस."

"नाही गं," आई समजूत काढावी तसं म्हणाली. "तो धाकटा."

रात्र कशीबशी काढून गुरुवारी सकाळी तिनं धाकट्याला पुन्हा फोन केला. तळ्यावर पाण्यात कोण पडलं होतं, एवढंच विचारलं.

"मी," तो म्हणाला. "तू कुठे होतीस तेव्हा? मामाकडे होतीस ना?"

"माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं रे. आठवडाभर कान दुखत होता."

"ताई, मला खरंच..." तो अडखळला. त्याचा थट्टेचा सूर कुठेच नव्हता. "मला आठवत नाहीये. मी रविवारच्या ऐवजी शनिवारीच येतो. तू झोपलीस का नीट?"

तिनं फोन ठेवला आणि 'थांबवा'वर बोट दाबलं. दुरुस्ती नऊ हजारांवर थांबली. खणातलं पाकीट काढून तिनं रविवारची प्रत जोडली, ती लायब्ररी उघडली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर दीपगृहाच्या पायऱ्या होत्या. डावीकडे मोहरीचा स्वेटर. कॉलर टोचते म्हणून मान वाकडी केलेली, वैतागलेली ती. उजवीकडे दगडी भिंत, मोकळी.

तिला इतकं हायसं वाटलं की हुंदका फुटला. चित्र हेच खरं होतं. चिठ्ठीवर काही का असेना.

"झाले का चार?"

आई दारात उभी होती. घड्याळात अडीच वाजले होते. तिनं चांगले कपडे घातले होते, केसांना पाणी लावून भांग काढला होता. कोणाला तरी भेटायला निघाल्यासारखी येऊन ती खुर्चीवर बसली आणि पडद्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"आणि हे?"

"आई, फोटो असाच होता मुळात. तो परवाचा चुकीचा..."

"पुन्हा गेले?" आईनं विचारलं. "तेव्हा दवाखान्यातून तुम्ही मला लवकर घरी पाठवलंत. मी नव्हते जवळ. आज माझ्यादेखत घालवलेस?"

आईनं डोळे पुसले आणि पडद्यावर बोट ठेवलं. बोट डाव्या टोकाला होतं, स्वेटरवर.

"ही मुलगी कोण?"

"मी आहे आई. ताई."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. दोन्हीकडे सारख्याच परकेपणानं पाहिलं. मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला.

"हिला सांग ना फोटो काढायला," ती म्हणाली. "मग हे येतील इकडे."

ती आशेनं बघत राहिली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. ताईनं रविवारची प्रत काढली, पाकिटात घातली, पाकीट खणात ठेवलं. नव्या कॉम्प्युटरवर पाटी उभीच होती: "दुरुस्ती अपूर्ण आहे. चित्र की मजकूर?"

या वेळी तिनं विचार केला. बराच वेळ केला. फोटोच तर आहेत, असं ती स्वतःला म्हणाली. मी इथे आहे, हाडामासाची. आईला रोज औषध देणारी, तिची नखं कापणारी. फोटोत नसले म्हणून काय होतं? बाबाही नव्हतेच की.

बाबा नव्हते, आणि आई त्यांना विसरत चालली होती. हेही तिला आठवलं.

आईचा हात तिच्या हातावर होता. म्हातारा, हलका, गरम. तिनं पुन्हा 'मजकूर'चाच गोल दाबला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाटी आली: "चौदा हजार दोनशे बारापैकी चौदा हजार दोनशे बारा. तफावत नाही."

शनिवारी दहाच्या सुमाराला बेल वाजली. ताईनं दार उघडलं. धाकटा बॅग घेऊन उभा होता. तो तिच्याकडे बघून क्षणभर थांबला, कपाळाला आठी पडली, मग ती गेली.

"नमस्कार," तो म्हणाला. "आई फोनवर म्हणाली, फोटोंचं सगळं तुम्हीच लावून दिलंत. फार बरं केलंत."

"नाटकं पुरे झाली," ताई म्हणाली. तो लहानपणापासून नकलाकार. "बूट काढ आणि आत ये."

तो ओशाळून हसला आणि बूट काढायला वाकला.

"अरे, मी ताई."

"हो ताई," तो अदबीनं म्हणाला. रस्त्यात पत्ता विचारताना कोणाही बाईला म्हणावं तसं. "आई झोपलीय का?"

आई झोपली नव्हती. ती त्याला बघून लगबगीनं आली, त्याला नावानं हाक मारली, त्याचा गाल कुरवाळला. दोन वर्षांत तिनं त्याला बघितल्या बघितल्या ओळखलं नव्हतं. डॉक्टरीण बाई बघायला हव्या होत्या. ताई स्वयंपाकघराच्या दारात अंगठा चोळत उभी राहिली आणि तिला आनंद झाला. झालाच.

"एक फोटो काढूया," आई म्हणाली. "सगळे आहोत तोवर."

कॅमेरा बाबांच्या खोलीत खुंटीला होता. दीड वर्ष कोणी हात लावला नव्हता, बॅटरी केव्हाच मेली असायला हवी होती. धाकट्यानं पट्ट्याला धरून तो आणला आणि ताईपुढे केला.

"तुम्ही काढता का आमचा?"

ताईनं कॅमेरा घेतला. अंगठा आपोआप जागच्या जागी बसला. बटण दाबताच हिरवा दिवा लागला.

खिडकीतून दहाचं स्वच्छ ऊन येत होतं. आई आणि धाकटा पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. तिनं एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याला कॅमेरा लावला. आई, मग धाकटा, मग उजवीकडे भिंत.

"जरा मधे या," तिनं सांगितलं. "उजवीकडे फार मोकळं राहतंय."

"आणखी कुठे सरकू?" आई हसून म्हणाली.

ताईनं नीट पाहिलं. धाकट्याच्या उजवीकडे कोणी नव्हतं. पण त्याच्या खांद्यावर शर्टाचं कापड दबलं होतं, आणि दबल्या जागी एक चुणी पडली होती. ती तिच्या ओळखीची होती.

तिनं कॅमेरा खाली घेतला नाही. तिला फक्त एकदा, निदान चिठ्ठीवर तरी, तिथे असायचं होतं.

"माझी जागा सोडा," ती म्हणाली.

तिघंही जरासे उजवीकडे सरकले.